वाईवरून नाही, वाईला: दोघांनी जवळच्या गावात एक रात्र राहायचं तर

लग्नानंतरची पहिली सहा वर्षं आम्ही वाईवरून गेलो, वाईला कधी गेलो नाही. पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली बहुतेक जोडपी हेच करतात. सुरूरच्या फाट्याला वळायचं, वाईच्या बाजारातून कशीबशी गाडी काढायची आणि पसरणीचा घाट चढायला लागायचं. मग एका जुलैत घाटात दरड आल्याचं कळलं आणि वाट मोकळी होईपर्यंत आम्ही वाईतच खोली घेतली. पाऊस थांबल्यावर गणपती घाटाच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलो. खाली कृष्णा गढूळ आणि भरलेली. उठलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. जवळजवळ तीन तास आम्ही बोलत होतो आणि त्यात सिलिंडर, शाळेची फी, सोसायटीची मीटिंग यांतलं काहीही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घाट सुरू झाला, पण आम्ही वर गेलोच नाही. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा आम्ही दोघंच जवळच्या एखाद्या लहान गावात एक रात्र राहून येतो. ज्यांनी हे अजून केलेलं नाही त्यांना कुठून सुरुवात करायची कळत नाही, आणि मैत्रिणी विचारतात तेव्हा फोनवर सगळं सांगता येत नाही. म्हणून इथे ओळीने लिहिते. उदाहरण वाईचं घेते, कारण मला सगळ्यात जास्त तेच गाव ठाऊक आहे.

१. गाव निवडा

घराला कुलूप लावल्यापासून खोलीत बॅग टेकवेपर्यंत तीन तासांपेक्षा जास्त वेळ लागू नये. त्यापुढे गेलं की एका रात्रीसाठी दोन दिवस प्रवासातच जातात आणि दोघंही दमून परततात. वाई पुण्यापासून नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे बरोबर बसतं.

अंतरानंतर मी तीन गोष्टी बघते. गावाला स्वतःचं काही काम असावं: तालुक्याची कचेरी, बाजारपेठ, एसटी स्टँड, शाळा सुटल्यावर सायकलींची गर्दी. निव्वळ पर्यटकांवर चालणाऱ्या ठिकाणी दर दहा पावलांवर कुणीतरी काहीतरी विकायला येतं आणि दोघांना निवांत बसता येत नाही. दुसरं म्हणजे पैसे न देता तासभर बसता येईल अशी एखादी जागा असावी. नदीचा घाट, तळ्याचा काठ, देवळाचा पार, काहीही चालेल. आणि तिसरं, गाव पायी फिरण्याजोगं असावं.

पुणेकरांना वाईखेरीज सासवड अगदी हाताशी आहे. दिवे घाट चढून तीसेक किलोमीटर. कऱ्हेकाठची संगमेश्वर आणि चांगावटेश्वर ही दोन देवळं, सोपानदेवांची समाधी आणि हंगामात अंजीर, सीताफळ. फलटण थोडं लांब पडतं, पण मोठ्या देवळांचं आणि रुंद वाड्यांचं गाव आहे. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई इथल्याच निंबाळकरांच्या घरच्या. जुन्नरला शिवनेरी आणि लेण्याद्री दोन्ही आहेत. फक्त तिथे अंधार पडल्यावर उसाच्या कडेने फिरायला जाऊ नका, त्या भागात बिबटे खरोखर आहेत.

मुंबईकरांनी अलिबागला पोचून तिथेच न थांबता पुढे चौल-रेवदंड्याला राहावं. नारळी-पोफळीच्या वाड्या, पोर्तुगिजांच्या कोटाची पडकी तटबंदी आणि समुद्र, सगळं पायी अंतरावर. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा. कोल्हापूरकरांना नृसिंहवाडी आणि तिथून खिद्रापूरचं कोपेश्वर. हे मात्र जुलै-ऑगस्टच्या पुराच्या दिवसांत नको. नाशिककरांना सिन्नर, तिथल्या गोंदेश्वराच्या पटांगणात सकाळी फारसं कुणी नसतं. छत्रपती संभाजीनगरकरांना पैठण, पण नाथषष्ठीची गर्दी टाळून. नागपूरकरांना रामटेक: गडमंदिर चढायचं आणि उतरून अंबाळा तलावाकाठी बसायचं. पणजी-म्हापशाच्या मंडळींना सावंतवाडी, तिथे मोती तलावाभोवती संध्याकाळची एक फेरी आणि लाकडी खेळण्यांची दुकानं एवढं पुरतं.

गाव ठरलं की मराठी विश्वकोशात त्या गावाची नोंद दोघांनी मिळून वाचा. विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत आहे. दहा मिनिटांचं काम, पण गावात शिरताना दोघांनाही काहीतरी ओळखीचं दिसायला लागतं.

२. वार आणि तिथी बघा

शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परतू नका. नव्या जोडप्यांच्या पहिल्या सहलीचा निम्मा विचका इथेच होतो. शनिवारी खंबाटकी घाटात आणि रविवारी रात्री खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडीत बसून माणूस चिडतो, आणि चिडचिड कुणावर निघते ते सांगायला नको. आम्ही रविवारी दुपारी जेवून निघतो आणि सोमवारी परततो. दोघांनी मिळून एक एक रजा टाकायची. रविवारी संध्याकाळी पाहुणे परतीला लागलेले असतात, खोल्या रिकाम्या होतात, आणि सोमवारी गाव आपल्या कामाला लागलेलं बघायला मिळतं.

त्यानंतर भिंतीवरचं कॅलेंडर काढा. लहान गावांत गर्दी तिथीवर ठरते. वाईचंच बघा. संकष्टीला, आणि अंगारकी असेल तर विशेषच, ढोल्या गणपतीला रांगा लागतात. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची मोठी यात्रा असते आणि वाईतले रस्ते तुंबतात. रंगपंचमीला शेजारच्या बावधनात बगाड निघतं. पहिल्यांदा दोघंच निवांत जाणार असाल तर हे दिवस सोडा.

याच्या उलट माघ-फाल्गुनातला कृष्णाबाईचा उत्सव मी चुकवू नका म्हणेन. वाईच्या सिद्धनाथवाडी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, रामडोह, गंगापुरी अशा एकेका आळीचा घाट वेगळा आणि एकेका घाटाचा उत्सव वेगळा. कृष्णामाईची मूर्ती घाटावरच्या मांडवात बसते, कीर्तनं होतात, जेवणावळी उठतात. १६५९ साली अफजलखानाचा तळ वाईला पडला होता. तेव्हा शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णेला नवस बोलला गेला आणि तो फेडण्यासाठी हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. कुठल्या आळीचा उत्सव कधी आहे ते खोलीवाल्याला फोनवर विचारलं की कळतं.

लग्नसराईचं पुढे सांगते.

३. घरी सांगा

एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना ही पायरी सगळ्यात अवघड वाटते. आमच्याकडे नवऱ्याने सुरुवातीला "देवाला जाऊन येतो" असं सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, ढोल्या गणपतीला जाणारच होतो. पण नुसतं देवाचं नाव घेतलं की "मग आम्हीही येतो की" हे ठरलेलं. सासूबाईंची त्यात चूक काहीच नाही.

खरं तर जोडीने बाहेर पडणं आपल्याकडे नवीन नाही. लग्न झालं की जोडप्याने जेजुरीला जायचं, नवऱ्याने बायकोला उचलून गडाच्या काही पायऱ्या चढायच्या, ही रीत कितीतरी घरांत अजून पाळतात. नव्या जोडप्याला दोघांचा म्हणून एक प्रवास घडावा, हे जुन्या माणसांनाही समजत होतं. फक्त तो एकदाच घडून पुरायचा असा समज झाला. मी शेवटी आईंना हेच सरळ सांगितलं: "आई, आम्ही दोघंच जातोय, एक रात्र. सोमवारी संध्याकाळी चहाला घरी." त्या म्हणाल्या, "जा की, मग एवढं अवघडून काय सांगतेस."

सांगायचं आठ दिवस आधी, आणि मागची व्यवस्था लावून. आईंच्या गोळ्या डबीत मोजून ठेवायच्या, दूधवाल्याला सांगायचं, मुलाच्या सोमवारच्या डब्याची भाजी चिरून फ्रीजमध्ये ठेवायची, शेजारच्या काकूंना एक नंबर द्यायचा. मूल अगदी लहान असेल तर रात्रीचा मुक्काम सोडून आधी सकाळी जाऊन रात्री परत या. एकदा जमलं की पुढची रात्र सगळ्यांनाच सोपी जाते.

४. खोली ठरवा, आणि फोनवरच सगळं विचारा

लहान गावातल्या लॉजचे फोटो बघून काही कळत नाही. फोन करा. मी वहीत प्रश्न लिहून ठेवले आहेत आणि दर वेळी तेच विचारते.

गरम पाणी दिवसभर असतं की ठरावीक वेळात? सोलर असेल तर बहुतेक ठिकाणी सकाळी सहा ते नऊ एवढंच मिळतं. खोली रस्त्याच्या बाजूला की मागे? रस्त्याकडची असेल तर पहाटेच्या एसटीच्या हॉर्नने उठावं लागेल. डबल बेड एकसंध की दोन खाटा जोडलेल्या? संडास कमोड की भारतीय? दिवे गेले तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? गाडी लावायला आवार आहे की रस्त्यावर ठेवायची? खोलीचा हिशोब चोवीस तासांचा की दुपारी बाराला सोडायची? बाराचा असेल तर दुसऱ्या दिवशी बॅगा काउंटरपाशी ठेवू देतील का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जवळ मंगल कार्यालय आहे का, आणि त्या तारखेला लग्न आहे का? हा प्रश्न मी एका गावात विचारला नव्हता. खिडकीखालीच वरात होती. रात्री डीजे थांबला तेव्हा जेवणाच्या पंगतीची भांडी सुरू झाली. आम्ही पहाटे चारला स्टँडवर जाऊन चहा पीत बसलो. नोव्हेंबर ते जून यांतला कुठलाही मुहूर्ताचा दिवस असेल तर हे विचाराच.

ओळखपत्र दोघांचंही लागतं, एकाचं चालत नाही. आधारची झेरॉक्स देण्याऐवजी मास्क्ड आधार काढून ठेवा. आधारच्या संकेतस्थळावरून ते मोफत उतरवता येतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तुमच्या गावाजवळचंच ठिकाण असेल तर "लोकल आयडी चालेल ना?" हेही विचारा. बऱ्याच लॉजवर त्याच जिल्ह्यातल्या जोडप्यांना खोली देत नाहीत, आणि हे दारात पोचल्यावर कळलं तर फार अपमान वाटतो.

लग्नानंतर आडनाव बदललेलं नसेल तर विवाह नोंदणीच्या दाखल्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. तो दाखवायची सक्ती नाही. माझं आडनाव माहेरचंच आहे, दोनदा विचारणा झाली, फोटो दाखवला, विषय संपला.

लग्न न झालेल्यांनी एवढं जाणून घ्या. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला आपल्याकडे कायद्याची मनाई नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लॉजच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. तरीही खोली कुणाला द्यायची हे मालक ठरवतो, आणि लहान गावात तो नाही म्हणण्याची शक्यता बरीच असते. म्हणून फोनवर आडपडदा न ठेवता विचारा: "आमचं लग्न झालेलं नाही, दोघांचंही ओळखपत्र आहे, खोली मिळेल का?" समोरचा चाचरला तर दुसरीकडे फोन करा. खोटं नवरा-बायको म्हणून सांगू नका. रजिस्टरवर आपल्या सहीने खोटं लिहून रात्रभर दचकत झोपण्यात काय अर्थ आहे.

५. जायचं कसं

वाईला रेल्वे नाही, त्यामुळे प्रश्न एसटी की स्वतःची गाडी एवढाच. मी एसटीच्या बाजूची आहे. गाडी चालवणारा माणूस रस्त्याशी बोलत असतो, शेजारच्याशी नाही. स्वारगेटहून वाईच्या गाड्या आहेत आणि महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरूनच जातात. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे जोडप्याचा प्रवास दीड तिकिटात होतो. रविवारी दुपारी जागा सहसा मिळते, तरी आरक्षण करून ठेवलेलं बरं. डाव्या बाजूच्या दोघांच्या सीटा घ्या.

मोटरसायकलने जाणार असाल तर हेल्मेट दोघांनाही. खंबाटकीत ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे जायचा प्रयत्न करू नका, आणि पावसाळ्यात अंधार पडायच्या आत पोचा.

६. पिशवी

दोघांत एकच. पाठीवर घेता येईल एवढी. टॉवेल आणि एक पातळ चादर आपली, डासांचं मलम, टॉर्च, घाटावर बसायला जुनं बेडशीट, सुटे पैसे. गूगल पे सगळीकडे चालतं, पण गुरवाला, रिक्षाला आणि वाड्याच्या राखणदाराला सुटे दिलेले बरे वाटतात. चपला पायऱ्यांवर न घसरणाऱ्या. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी चांगलंच गारठतं, तेव्हा शाल. कपडे इस्त्री केलेले नेऊ नका, तिथे कुणी बघत नाही.

७. वाईतला एक दिवस आणि एक रात्र

रविवारी चार-साडेचारला पोचलात की खोलीवर तोंड धुऊन लगेच निघा. स्टँडवरून गणपती घाट चालत जाण्याजोगा आहे आणि मधली बाजारपेठ बघायलाच हवी. रिक्षा करू नका.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलं. आत गेल्यावर नाव असं का ते कुणी सांगावं लागत नाही. एका अखंड दगडातून घडवलेली प्रचंड मूर्ती आहे. दर्शन झालं की देवळाला वळसा घालून मागे जा. गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, देवळावर आदळू नये, म्हणून. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर आहे. पहिल्या खेपेला तो त्या भिंतीपाशी अर्धा तास उभा होता आणि मला कागदावर चित्र काढून पाण्याचा जोर समजावत होता. त्याच्या कामाबद्दल इतक्या आवडीने बोलताना मी त्याला कित्येक वर्षांनी ऐकलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच, त्याच काळातलं. तिथला नंदी जरूर बघा.

मग घाटावर बसा. यात करण्यासारखं काही नाही आणि तेच करायचं आहे. पहिला अर्धा तास जड जातो, हात आपोआप फोनकडे जातो. आम्ही दोन्ही फोन पिशवीत टाकतो आणि पिशवी मी धरते. घरून फोन येईल म्हणून आवाज चालू, बाकी काही नाही. साधारण पाऊण तासाने बोलणं सुरू होतं. सहसा समोर दिसणाऱ्या कशावरून तरी, पोहणाऱ्या पोरांवरून किंवा नदीत दिवा सोडणाऱ्या एखाद्या आजीवरून. कुणालाही "आता बोल ना काहीतरी" म्हणायचं नाही.

एक सांगायलाच हवं. घाट ही वाईकरांची रोजची जागा आहे. बायका धुणं धुतात, लोक अंघोळ करतात, कुणी दहाव्याचे विधी करत असतं. त्यांचे फोटो काढू नका. हात हातात धरून बसायला कुणाची हरकत नसते, त्यापलीकडचं खोलीवर. पाण्यात पाय सोडायचे असतील तर वरच्या कोरड्या पायऱ्यांपाशी. शेवाळलेल्या पायऱ्यांवर गावची माणसंही जपून उतरतात, आणि वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की पातळी चढते.

जेवायला साडेआठच्या आत जा. लहान गावातल्या खानावळी रात्री लवकर आवरतात आणि उशिरा गेलं की आमटी संपलेली असते. या भागात अख्खा मसूर, भाकरी, खर्डा मागवा. पंजाबी भाज्यांचं कार्ड पुढे केलं तर "तुमच्याकडे आज घरचं काय केलंय?" असं विचारा. आम्हाला या एका प्रश्नावर मेथीचं गरगट, दोडक्याची चटणी, एकदा तर पुरणपोळीही मिळाली आहे.

सोमवारी पहाटे सहाला उठा. दोघांपैकी एकाला हे पटत नाही, आमच्यात मला पटत नसे. पण कृष्णेवरचं धुकं आठपर्यंत विरतं आणि मग घाट पुन्हा गजबजतो. चहा घेऊन मेणवलीला निघा. तीनेक किलोमीटर, उसाच्या आणि हळदीच्या शेतांतून रस्ता जातो. पायी पाऊण तास लागतो.

मेणवली हे नाना फडणवीसांचं गाव. त्यांचा वाडा, मागे कृष्णेवर अर्धचंद्राच्या आकाराचा घाट आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. पेशवाईतला कागदपत्रांचा मोठा साठा, ज्याला अभ्यासक मेणवली दप्तर म्हणतात, तो याच वाड्यातला. हिंदी-मराठी चित्रपटांत हा घाट इतक्यांदा येऊन गेला आहे की पहिल्यांदा जाणाऱ्यालाही तो पाहिल्यासारखा वाटतो. घाटावरच्या छोट्या देवळीत एक भली मोठी घंटा टांगली आहे. ती पोर्तुगिजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्यांतली एक नानांच्या या गावी आली. तिच्यावरचं कोरीव काम जवळ जाऊन बघा, पण जोराने वाजवू नका, गाव अजून झोपेत असतं. वाडा खाजगी मालकीचा आहे. आत जायचं तर राखणदाराला विचारायचं, मागतील ते थोडे पैसे द्यायचे, आणि नाही म्हणाले तर घाट पुरेसा आहे.

परत येताना रिक्षा मिळते. नाश्ता करा आणि दुपारी अकरा-साडेअकराला, होय, झोपा. घरी जोडीने दुपारची झोप मिळत नाही. खोली बारालाच सोडायची असेल तर फोनवर ठरवताना थोडे जास्त पैसे देऊन ती दुपारी तीनपर्यंत ठेवा. माझ्या मते या सगळ्या खर्चात सगळ्यात सार्थकी लागणारे पैसे हेच.

झोप झाली की हाताशी दोन-अडीच तास असतात. स्वतःची गाडी असेल तर धोमला जा. नरसिंहाचं देऊळ, शेजारी महादेव, आणि समोर कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी भरलेलं असेल तर तो तरंगतोय असं वाटतं. गाडी नसेल तर गावातल्या आळ्यांमधून फिरा. जुने वाडे, ओसरीवर बसलेली माणसं, गंगापुरीत प्राज्ञपाठशाळा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, आणि त्यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्याला न होता वाईला उभं राहिलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एवढ्याशा गावात बसून माणसांनी जगभरच्या विषयांवर मराठीत नोंदी लिहिल्या, हे त्या आळीतून चालताना मला दर वेळी आठवतं आणि भरून येतं.

पाचगणी इथून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. "एवढं आलोच आहोत तर वर जाऊन येऊ" असं दोघांपैकी एक जण नक्की म्हणणार. जाऊ नका. वर गेलात की टेबललँड, मग पॉइंट, मग स्ट्रॉबेरी, आणि परतीची घाई. पाचगणीला पुन्हा कधीतरी वेगळे जा.

८. भांडण झालं तर

होतं. रोजच्या धबडग्यात जे मागे टाकलेलं असतं ते रिकाम्या वेळात वर येतं. आमचं दुसऱ्याच सहलीत झालं, पैशांवरून, तेही रात्री दहाला. तेव्हापासून दोन नेम ठेवले आहेत. खर्चासाठी निघतानाच एका पाकिटात ठरलेले पैसे घालायचे, ते पाकीट एकाने सांभाळायचं आणि दुसऱ्याने हिशोब विचारायचा नाही. मागच्या खेपेला प्रवास, खोली, जेवण धरून पाकिटात साडेतीन हजार होते आणि थोडे उरले. दुसरा नेम असा की रविवारची संध्याकाळ एकाच्या मनाप्रमाणे आणि सोमवारची सकाळ दुसऱ्याच्या. त्याला देवळाच्या भिंती मोजायच्या असतील तर मी पायरीवर बसते. मला बाजारात साड्या बघायच्या असतील तर तो चहाच्या टपरीवर पेपर वाचतो. तासभर वेगळं राहिल्याने काही बिघडत नाही, भेटल्यावर सांगायला काहीतरी असतं.

९. परतताना

चारची एसटी धरा. सातच्या आत स्वारगेट आणि आठला घरी, म्हणजे मुलाचा गृहपाठ आणि आईंचं जेवण आपल्या हाताने होतं. आईंना चहाला येतो म्हणून सांगितलं होतं, आणि खरं तर चहाची वेळ कधीच गाठली जात नाही, म्हणून आता मी जेवायला येतो असंच सांगते. बाजारातून हळदीची पुडी घ्या, घरच्यांसाठी पेढे घ्या. स्टँडवर पंधरा मिनिटं आधी पोचा. महाबळेश्वरहून येणारी गाडी भरलेली असते, वाईतूनच सुटणारी मिळाली तर दोघांना शेजारी बसता येतं.